दुसऱ्याच्या पायांमागे पोहताना: गोव्याच्या दर्यातल्या ड्राफ्टिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पणजीची. करंझाळे आणि मिरामारच्या पट्ट्यात आमचा दहा-बाराजणांचा गट बरीच वर्षं पोहतो. पावसाळ्यात दर्याचं नावही काढायचं नाही, तेव्हा तलाव. सप्टेंबर सरला, पाणी बसलं की पुन्हा किनारा. त्याच सुमारास नवी मंडळी येतात. कुणाला मिरामारची आयर्नमॅन ७०.३, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग ट्रायथलॉन शर्यत करायची असते, कुणाला मालवणला चिवला बीचवरच्या सागरी स्पर्धेत उतरायचं असतं. पोहायला सगळ्यांना येतं, पण माणसांच्या घोळक्यात पोहायला फार थोड्यांना येतं. दरवर्षी तेच प्रश्न किनाऱ्यावर ओल्या टॉवेलात उभं राहून मी ऐकते. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिते आहे.

ड्राफ्टिंग म्हणजे नेमकं काय?

पुढे पोहणाऱ्याच्या अगदी मागे किंवा त्याच्या कमरेच्या बाजूला राहून, त्याने हलवलेल्या पाण्याचा फायदा घेत पोहणं. पुढचा माणूस पाणी कापत जातो तेव्हा त्याच्यामागचं पाणी थोडं त्याच्याच दिशेने ओढलं जातं. तुम्ही त्या पाण्यात असाल तर समोरून येणारा रोध कमी होतो, कारण तुमच्याभोवतीचं पाणी आधीच तुमच्या वाटेने निघालेलं असतं. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. सायकलवाल्यांना ताशी तीस किलोमीटरला जो फरक जाणवतो, तसा आपल्याला चालण्याच्या वेगातही जाणवतो, तो त्यामुळेच.

बदकीण आणि तिच्यामागे ओळीने जाणारी पिल्लं सगळ्यांनी पाहिली आहेत. ती पिल्लं आईने उठवलेल्या लाटेवर नेमक्या जागी बसतात आणि कमी श्रमात पुढे जातात, हे शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवलं आहे. त्या कामाला २०२२ साली इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिकही मिळालं.

ही फसवणूक नाही का? मेहनत दुसऱ्याची, फायदा माझा.

नाही. खुल्या पाण्याच्या स्पर्धांमध्ये एका स्पर्धकाने दुसऱ्या स्पर्धकाच्या मागे राहणं नियमात बसतं. ट्रायथलॉनच्या पोहण्यातही बसतं. गोंधळ होतो तो सायकलमुळे. आयर्नमॅनमध्ये साध्या स्पर्धकांना सायकलवर पुढच्यापासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, तिथे ड्राफ्टिंग केलं की दंड होतो. पाण्यातून बाहेर येऊन सायकलवर बसलात की हा नियम लागू होतो, त्याआधी नाही.

एकट्याने केलेल्या लांब पल्ल्याच्या पोहण्याची गोष्ट वेगळी. १९५८ मध्ये मिहिर सेन आणि १९५९ मध्ये आरती साहा इंग्लिश खाडी पोहून गेले, तशा एकल पोहण्यात सोबतीला पाण्यात उतरलेल्या माणसाच्या किंवा होडीच्या मागे लपून पोहणं मान्य नाही. तिथे माणूस एकटा दर्याशी असतो आणि तेच त्या पोहण्याचं मोल आहे. शर्यतीत तुम्ही इतरांच्या बरोबर आणि इतरांच्या विरुद्ध असता. पाणी कसं वाचायचं, कुणामागे राहायचं, कधी सुटायचं ही तिथली विद्याच आहे. पायांमागे शिस्तीत, न धडकता चाळीस मिनिटं राहणं किती अवघड आहे ते एकदा करून पाहा. फसवणुकीचा विचार मनातून आपोआप जाईल.

फायदा किती होतो?

शतार आणि विल्सन या संशोधकांनी २००३ मध्ये प्रशिक्षित पोहणाऱ्यांवर मोजमाप करून अंतराचा हिशोब मांडला. पुढच्याच्या पायांच्या बोटांपासून ० ते ५० सेंटिमीटरवर राहिलं तर पाण्याचा रोध जवळजवळ एक पंचमांशाने घटतो. तोच वेग ठेवून मागे पोहणाऱ्याचा ऑक्सिजनचा खर्च ११ टक्क्यांनी आणि रक्तातलं लॅक्टेट (जोर लावला की वाढणारं द्रव्य) ३८ टक्क्यांनी कमी भरलं. दीड मीटरपर्यंत फायदा घटत जातो, पण संपत नाही.

वेळेत हे रूपांतर एवढं मोठं दिसत नाही, कारण पाण्यात वेग वाढवायला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. दहा टक्के वेग वाढवायचा तर साधारण तेहतीस टक्के जास्त जोर लागतो. त्यामुळे वेळेत तीनेक टक्क्यांची बचत धरा. १०० मीटरला २ मिनिटं २० सेकंद लावणाऱ्याला आयर्नमॅन ७०.३ चं १.९ किमी पोहायला ४४ मिनिटं २० सेकंद लागतात. तीन टक्के म्हणजे ८० सेकंद.

ऐंशीच सेकंद का, असं विचारणाऱ्यांना मी सांगते की घड्याळाकडे बघू नका, छातीकडे बघा. मिरामारला पाण्यातून बाहेर आल्यावर अजून ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं उरलेलं असतं, तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या घामट उन्हात. तेवढ्याच वेळेत, पण दम न लागता बाहेर येणं ही खरी कमाई. शिवाय आपलं पाणी कोमट असतं. वेटसूट घालायची सोय नाही आणि जोर लावला की अंग आतून तापतं. जागतिक नियमांत शर्यतीसाठी पाण्याच्या तापमानाची वरची मर्यादा ३१ अंश सेल्सिअस आहे. आपला दर्या त्याच्या फार खाली नसतो. कमी जोरात तोच वेग मिळणं इथे थंड देशांतल्यापेक्षा जास्त मोलाचं.

नेमकं कुठे राहायचं? पायांमागे की कमरेपाशी?

नवख्यांनी पायांमागे. पुढच्याचे पाय आणि तुमची पुढे गेलेली बोटं यात वीतभर अंतर राहील एवढ्यावर. रोधातली घट तिथेच सर्वात जास्त मिळते.

कमरेपाशी म्हणजे तुमचं डोकं पुढच्याच्या मांडी-कमरेच्या रेषेत, अंतर एका हाताचं. इथे त्याच्या अंगाने उठवलेल्या लाटेवर तुम्ही बसता. त्याच मोजमापांत बाजूला राहिल्यावर रोध सहा-सात टक्केच घटलेला दिसला, म्हणजे पायांमागच्या तिसऱ्या हिश्शाइतका. तरी अनुभवी लोक ही जागा का घेतात? कारण श्वास घेताना पुढचा माणूस सतत दिसतो, फेस तोंडावर येत नाही, आणि त्याने वेग वाढवला की लगेच कळतं. वळणावर आतली बाजू धरता येते. शेवटच्या दोनशे मीटरला पुढे निघायचं असेल तर पायांमागून बाहेर यायला जेवढे हात मारावे लागतात तेवढे इथून लागत नाहीत.

मात्र कमरेपाशी राहायचं तर दोघांच्या हातांची लय जुळावी लागते. तुमचा हात त्याच्या हातावर पडू लागला की दोघांचंही बिघडतं. मग लगेच अर्धा मीटर बाहेर सरका. तुम्ही ज्या बाजूला श्वास घेता त्या बाजूला पुढचा माणूस असावा, हे उतरायच्या आधीच ठरवा. एकाच बाजूला श्वास घेणाऱ्यांनी दुसरी बाजूही शिकून घ्यावी. हे मी प्रत्येक हंगामात सांगते आणि निम्मे लोक ऐकत नाहीत.

करंझाळ्याचं पाणी गढूळ असतं. पायच दिसत नाहीत, मग मागे राहायचं कसं?

खरं आहे. मांडवीचा गाळ आणि तळाची वाळू, त्यामुळे कित्येकदा स्वतःचं कोपरही दिसत नाही. तलावात शिकलेलं ड्राफ्टिंग इथे पहिल्या दिवशी निकामी होतं.

डोळ्यांऐवजी हाताच्या तळव्यावर भरवसा ठेवा. पुढच्याच्या मागचं पाणी मऊ लागतं. हात आत जाताना बुडबुडे बोटांवरून सरकतात. बुडबुडे थांबले आणि पाणी अचानक जड झालं की समजा तुम्ही बाहेर पडलात. लगेच मान वर करा, कॅप शोधा. दोन-तीन हातांत अंतर भरून काढता येतं, दहा हातांनंतर नाही.

पुढचा कसे पाय मारतो यावरही बरंच ठरतं. सहा ठोक्यांची, म्हणजे दोन्ही हातांच्या एका फेरीत सहा वेळा पाय मारायची, जोरदार किक मारणारा भरपूर फेस उडवतो. त्याचा माग ठेवणं सोपं, पण तो फेस तोंडावर येतो. दोन ठोक्यांवाल्यामागे शांत वाटतं आणि तो हरवतोही चटकन.

मागच्याचा हात माझ्या पायाला लागतो, किंवा माझा पुढच्याच्या. काय करायचं?

आपल्याकडे पाय लागणं ही साधी गोष्ट नसते. पुस्तकाला, माणसाला पाय लागला की हात लावून कपाळाला न्यायचा, हे अंगात मुरलेलं. निवृत्तीनंतर आमच्या गटात आलेले एक काका पहिल्या आठवड्यात मागच्याला पाय लागला की थांबायचे, वळून माफी मागायचे, आणि मागचा त्यांच्यावर आदळायचा. त्यांची भावना मला फार आवडली होती. पण पाण्यात थांबणं हा पाय लागण्यापेक्षा मोठा धोका आहे. त्यांना आम्ही सांगितलं, नमस्कार किनाऱ्यावर करा.

एखाद्या वेळी हात लागणं कुणी मनावर घेत नाही. पाच-सहा मिनिटांतून एखादा हलका स्पर्श म्हणजे “मी मागे आहे”, एवढाच निरोप. दर हाताला तळव्यावर टकटक होत असेल तर ते पुढच्याला सतावणं आहे. तसं होत असेल तर तुम्ही त्याच्यापेक्षा वेगवान आहात. मग दोनच मार्ग. वीतभर मागे सरका आणि हात लांब, सावकाश मारा, किंवा अंगभर बाजूला निघून ओलांडून पुढे जा. त्याच्या पायांवरून चढून जायचं नाही. मोठ्या स्पर्धांत दुसऱ्याला अडवणं, ओढणं, मुद्दाम धक्का देणं याला पंच आधी पिवळा झेंडा दाखवतात. दुसऱ्यांदा लाल, की तुम्ही बाद. कृती गंभीर असेल तर थेट लाल.

तुम्ही पुढे असाल आणि मागचा टकटक करत असेल तर थांबू नका आणि ब्रेस्टस्ट्रोकची लाथ मुळीच मारू नका. ती बाजूला फाकते, मागच्याच्या गॉगलवर किंवा बरगडीवर बसते. घोळक्यात दिशा बघण्यासाठी दोन हात ब्रेस्टस्ट्रोक मारायची सवय अनेकांना असते. मोकळ्या पाण्यात चालेल, घोळक्यात नाही. मागच्याला घालवायचं असेल तर चार-पाच हात तिरके मारून वाट बदला. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

मी बाई आहे. अनोळखी माणसांचे हात लागतील या विचारानेच नको वाटतं.

हा प्रश्न सहसा सगळे निघून गेल्यावर, हळू आवाजात विचारला जातो. मला तो इथे मोठ्याने लिहायचा होता.

सुरुवातीच्या गर्दीत आणि बोयाच्या, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेच्या वळणावर धक्के लागतात. खांद्याला, पाठीला, पायाला. ते सगळ्यांना लागतात आणि त्यात हेतू नसतो. हे आधी माहीत असलं की निम्मी भीती जाते. पण धरणं, ओढणं, वाट बदलली तरी पुन्हा पुन्हा तिथेच हात येणं हे वेगळं असतं आणि ते वेगळं आहे हे अंगाला लगेच कळतं. तिथे स्वतःच्या मनाशी वाद घालत बसू नका. बाजूला व्हा, एक हात सरळ वर धरा, कायाक (सुरक्षेची वल्ह्याची छोटी होडी) येईल. त्या माणसाच्या कॅपचा रंग आणि नंबर लक्षात ठेवा आणि बाहेर आल्यावर पंचांना सांगा. शर्यत वाया जाईल म्हणून गप्प राहू नका.

बाकी काही सोयी तुमच्या हातात आहेत. सुरुवातीला मधोमध उभं न राहता कडेला राहा. बायकांची सुरुवात वेगळी असेल तर उत्तमच. पहिला बोया जरा लांबून घ्या. दहा मीटर जास्त पडतात, पण श्वास शांत राहतो. शक्य तर ओळखीच्या मैत्रिणीबरोबर जोडी करा. आमच्या गटात पाण्यात पाऊल टाकण्याआधी विचारायचं, “मी तुझ्या मागे राहू का?” नको म्हणायची मुभा प्रत्येकीला आणि प्रत्येकाला आहे. हा नियम आम्ही केल्यापासून गटात बायका टिकू लागल्या.

माझ्या मागे कुणी असेल तर माझा वेग कमी होतो का?

पायांमागे असेल तर जाणवण्याइतका नाही. तो तुमच्या मागे उरलेलं पाणी वापरतो. कमरेशी चिकटला असेल आणि तुमच्या हाताची जागा खात असेल तर मात्र नक्की त्रास होतो.

कुणाच्या मागे जायचं ते कसं ठरवू?

तुमच्यापेक्षा किंचित वेगवान असलेल्याच्या. फार वेगवानाच्या मागे लागलात तर पहिल्या तीनशे मीटरमध्ये दम संपतो आणि नंतर कुणाच्याच मागे राहता येत नाही. आयर्नमॅनसारख्या स्पर्धेत आपापल्या अपेक्षित वेळेनुसार रांगेत उभं राहून थोडे-थोडे लोक पाण्यात सोडले जातात. तिथे खरी वेळ सांगून उभे राहा. ४५ मिनिटांचे असाल तर ४५ मध्ये. स्वतःला ३५ मध्ये घुसवणारा माणूस पुढे सगळ्यांच्या वाटेत येतो. पोहण्याची मुदत १ तास १० मिनिटं आहे, म्हणजे १०० मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. तेवढ्या वेगाचे अनेक जण असतात, त्यांच्यातही सोबत मिळते.

पहिली शंभर-दीडशे मीटर कुणालाच धरू नका. गर्दी पांगू द्या. मग आजूबाजूला बघा. जो सरळ जातोय, ज्याचे हात एका लयीत पडतायत आणि जो अधूनमधून डोकं वर काढून बघतोय, तो चांगला. मान कधीच वर न काढणारा कितीही वेगवान असला तरी त्याला सोडा.

पुढचाच वाट चुकला तर?

तर तुम्हीही चुकलात. माझं झालं आहे.

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मला सुरेख पाय मिळाले. शांत किक, अगदी माझ्यापेक्षा जरासा जास्त वेग. मी खूश झाले आणि बघणंच सोडून दिलं. किती हात मारले मोजले नाहीत. एकदा मान वर काढली तेव्हा आमचा बोया डावीकडे लांब होता आणि आम्ही दोघं बाहेरच्या, होड्यांसाठी टाकलेल्या बोयाकडे निघालो होतो. सुरक्षेच्या होडीतला माणूस हात हलवत ओरडत होता आणि कानातल्या प्लगमुळे मला काही ऐकू येत नव्हतं. त्या माणसाचा दोष काही नाही. त्याने मला मागे ये म्हटलं नव्हतं. डोळे माझे होते आणि मी ते मिटून त्याच्या हवाली केले होते.

वरचा हिशोब आठवा. ड्राफ्टिंगने ८० सेकंद वाचतात. वाकड्या वाटेने दहा टक्के जास्त पोहलात तर १९० मीटर वाढले, म्हणजे त्याच वेगाने ४ मिनिटं २६ सेकंद गेले. वाकडं जाणाऱ्याच्या मागे राहण्यापेक्षा एकट्याने सरळ पोहणं केव्हाही स्वस्त.

म्हणून पायांमागे असतानाही दर आठ-दहा हातांनी स्वतः बघायचं. मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर आणा, बघा, मग बाजूला वळून श्वास घ्या. सबंध डोकं वर काढलं की पाय खाली जातात. सलग दोनदा बघून पुढचा चुकतोय असं वाटलं तर सोडून द्या. त्याला ओरडून सांगून उपयोग नसतो, पण तुम्ही वाट बदललेली त्याला श्वास घेताना दिसते आणि पुष्कळदा तोच तुमच्या मागे येतो.

बोया दिसत नसेल तर कशावर नजर ठेवू?

बोया लाटांमध्ये लपतो, डोंगर लपत नाही. मिरामार-करंझाळ्याच्या पाण्यात उत्तरेला आग्वादचं टोक आहे आणि दक्षिणेला काबोचं. आदल्या दिवशी किनाऱ्यावर उभं राहून प्रत्येक बोयाच्या मागे काय दिसतं ते पाठ करा. परतीला लक्षात ठेवा की आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी किनाऱ्याकडे पोहताना सूर्य थेट डोळ्यांत येतो. गडद काचेचा गॉगल घ्या. या टप्प्यात पुढच्याचे पाय फार उपयोगी पडतात, कारण उन्हात डोळे दिपले तरी हाताला बुडबुडे कळतातच.

भरती-ओहोटीचा ड्राफ्टिंगशी काय संबंध?

फार मोठा. मिरामार म्हणजे मांडवीचं मुख. भरतीला पाणी नदीत शिरतं, ओहोटीला, म्हणजे इथले मच्छीमार जिला सुकती म्हणतात तिला, बाहेर ओढतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ही ओढ जोरात, अष्टमीच्या आसपास भांगाच्या भरतीला मवाळ. पोहायच्या दिवशी कुठली तिथी आहे ते बघणं आमच्या गटात वेळ बघण्याइतकंच नेमाचं आहे.

आडव्या ओढीत पुढचा आणि मागचा दोघंही एकत्र वाहत जातात. दोघांमधलं अंतर बदलत नाही, म्हणून मागच्याला काहीच कळत नाही. तो समजतो सगळं ठीक चाललंय. ओढ ज्या दिशेने असेल तिच्या उलट बाजूला, बोयाच्या थोडं वर नेम धरून पोहणारा माणूस शोधा. तो वेडावाकडा जातोय असं सुरुवातीला वाटतं, पण बोयाशी बरोबर तोच पोचतो.

पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये सेन नदीत हेच मोठ्या प्रमाणात दिसलं. प्रवाहाबरोबर जाताना मधलं वेगवान पाणी आणि उलट येताना भिंतीला चिकटून, जिथे ओढ कमी. अशा वेळी ओळीतली जागा आणि नदीतली जागा दोन्ही सांभाळाव्या लागतात.

मोठे पोहणारे खरंच असं मागे राहतात का?

राहतात. २००८ मध्ये बीजिंगला १० किमी मॅरेथॉन पोहणं ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं. बायकांच्या शर्यतीत ब्रिटनच्या केरी-अ‍ॅन पेन आणि कॅसांड्रा पॅटन पुढे राहून पाणी कापत होत्या. रशियाची लारिसा इल्चेंको मागे शांत होती. अगदी शेवटी ती बाहेर निघाली आणि दीड सेकंदाने जिंकली. दोन तासांच्या शर्यतीत दीड सेकंद. पुरुषांमध्ये नेदरलँड्सच्या मार्टेन फान डर वायडनने डेव्हिड डेव्हिसला तसंच शेवटी गाठलं. तो रक्ताच्या कर्करोगातून उठून आला होता. ती शर्यत मी अजून कधीकधी लावून बघते.

पण हाच एक मार्ग आहे असं नाही. टोकियोत, २०२१ मध्ये, जर्मनीचा फ्लोरियन वेलब्रोक बहुतेक वेळ पुढेच राहिला आणि पंचवीस सेकंदांनी जिंकला. ज्याच्या अंगात तेवढी ताकद आहे त्याला पुढे राहून मोकळं पाणी, स्वच्छ वळणं आणि स्वतःची वाट मिळते.

टो फ्लोट (कमरेला बांधून मागे तरंगत ठेवायचा फुगा) बांधलेला असेल तर ड्राफ्टिंग करता येतं का?

पायांमागे अवघड. पुढच्याचा फुगा नेमका त्याच्या पायांवर तरंगतो आणि तुमच्या हातात येतो. अशा पोहण्यात कमरेपाशी राहा. फुगा काढून ठेवा असं मी कुणालाही सांगणार नाही. सरावात तो असायलाच हवा, कारण पहाटे या पाण्यात मासेमारीच्या होड्या आणि रापणीची जाळी असतात आणि होडीवाल्याला तुमचं डोकं नारळाएवढंही दिसत नाही.

कायाकच्या किंवा होडीच्या मागे राहिलं तर?

नियमाने मनाई आहे. होडीच्या मागे पंखा असतो आणि धूरही, तेव्हा नियम नसता तरी जाऊ नये. दमलात तर आयर्नमॅनमध्ये कायाक धरून विसावा घेता येतो, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही.

पुढच्याला काही झालं तर?

थांबा. त्याच्याकडे बघून विचारा, हात वर करून कायाक बोलवा. त्याला स्वतः धरायला जाऊ नका, घाबरलेला माणूस तुम्हालाही खाली नेतो. पण मदत येईपर्यंत जवळ राहा आणि बोलत राहा. इतका वेळ तुम्ही त्याच्या मागे होता, तो कसा पोहत होता आणि कधी बिघडलं हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

जेलीफिशपासून मागे राहिल्याने बचाव होतो का?

नाही. पावसाळ्यानंतर त्या किनाऱ्याजवळ येतात आणि जीवरक्षक तशी सूचना देतात, ती ऐका. डंख झाला तर वाळूने चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकांना दाखवा. श्वास जड झाला किंवा अंगावर सूज पसरली तर वेळ न घालवता बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ गाठा.

शेवटी कधी सुटायचं?

जिंकायचं असेल तर शेवटचा बोया वळल्यावर. आपल्यासारख्यांनी किनारा शंभरेक मीटरवर आला की पायांमागून बाजूला व्हावं. उथळ पाण्यात पुढचा अचानक उभा राहतो आणि तुम्ही त्याच्या पाठीवर जाता. लाट फुटते त्या पट्ट्यात कुणाच्याही मागे नको. बोटं वाळूला लागेपर्यंत पोहत राहा, मगच उभे राहा.

याचा सराव कसा करायचा?

आधी तलावात. कांपालला किंवा जिथे जाता तिथे, तिघांनी एक लेन घ्या. एरवी पाच सेकंदांनी सुटता, इथे एका सेकंदाने सुटा. दर १०० मीटरला पुढचा भिंतीशी बाजूला होईल आणि शेवटी जाईल. सहा फेऱ्या. तिसऱ्या जागेवर किती हलकं वाटतं ते बघा, मग पुढे आल्यावर किती जड वाटतं ते बघा. दुसरा सराव म्हणजे लेन मोकळी असताना डोळे मिटून आठ हात मारायचे आणि उघडून बघायचं कुठल्या बाजूला वाहवत गेलो. जवळजवळ प्रत्येक जण एका बाजूला जातो. आपली बाजू माहीत असलेला माणूस दर्यात पुढे राहायला लायक होतो.

मग दर्या. जीवरक्षक कामावर असताना, भांगाच्या दिवसांत, किनाऱ्याला समांतर, छातीएवढ्या पाण्याच्या जरा बाहेर. दोघांची जोडी. दोनशे हात झाले की पुढचा उजवीकडे सरकेल, मागचा डावीकडून पुढे येईल, थांबायचं नाही. पहिल्या दिवशी हे अदलाबदलीचं चार वेळा नीट जमलं तरी खूप. आमच्याकडे आलात तर पाण्यात शिरण्याआधी एवढं सांगा: श्वास कुठल्या बाजूला घेता, वाहवत कुठल्या बाजूला जाता, आणि मागे कुणी आलेलं चालेल का. त्यावरून जोडी लावायचं काम माझं.